गाडीचं कूलंट कमी होतंय? हेड गॅस्केटवर बोट ठेवण्याआधी एवढं तपासा

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीच्या टाकीतलं कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) एकदा दर आठवड्याला बोटभर कमी व्हायला लागलं. गाडीखाली थेंब नाही, धूर नाही, तापमानाचा काटाही जागेवर. एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडून दोन मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल." मी थोडा वेळ मागून घेतला आणि पुढचे तीन दिवस रोज सकाळी टॉर्च घेऊन इंजिनात डोकावत राहिलो. तिसऱ्या दिवशी वॉटर पंपाच्या खाली, बेल्टच्या कव्हरमागे, नखाएवढा गुलाबी खरवड दिसला. पाझर तिथे होता. गाडी गरम असतानाच थेंब यायचे आणि गरम लोखंडावर जागच्या जागी सुकून जायचे, म्हणून जमिनीवर कधी काही पडलंच नाही. पंप बदलला आणि विषय संपला. हेडला कोणी हात लावला नाही.

ही हकीकत आधी सांगितली, कारण "पाणी कमी होतंय" ऐकलं की थेट हेड गॅस्केटचं (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पातळ पत्र्याचं) नाव घ्यायची सवय फार पसरली आहे. गॅस्केट जातं, नक्कीच जातं, आणि गेलेलं असताना दुर्लक्ष केलं तर अख्खं इंजिन जातं. पण तिथवर पोचायचा एक क्रम आहे. तो क्रम नव्या माणसालाही जमण्यासारखा आहे. बहुतेक तपासण्यांना टॉर्च, चिंधी आणि धीर एवढंच लागतं.

आधी एक गोष्ट पक्की: गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही

कूलिंगची व्यवस्था दाबाखाली चालते. रेडिएटरच्या किंवा टाकीच्या झाकणावर ०.९, १.१ असा आकडा छापलेला असतो, तो दाब बारमध्ये असतो. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. त्यावर आणखी १ बार दाब दिला तर ते जवळपास १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंट मिसळलेलं असेल तर त्याहूनही वर. म्हणजे झाकणाखाली ११० अंशांचं पाणी निवांत द्रव म्हणून बसलेलं असू शकतं. तुम्ही झाकण फिरवता, दाब जातो, आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. चेहरा आणि हात भाजण्याचे प्रकार असेच होतात.

इंजिन बंद करून वरचा होज पाइप (इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणारी रबरी नळी) उघड्या हातात धरवेल इतका गार होईपर्यंत थांबा. तास-दीड तास लागला तर लागू द्या. मग जाड फडका ठेवून झाकण थोडंसंच फिरवा, आवाज थांबला की पूर्ण काढा. आणखी एक: विजेचा पंखा काही गाड्यांत चावी काढल्यावरही अचानक सुरू होतो, हात आणि ओढणी-मफलर लांब ठेवा.

कूलंट बहुधा इथिलीन ग्लायकॉलचं असतं. चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी. सांडलेलं लगेच धुऊन टाका, उघड्या भांड्यात ठेवू नका. कुत्री-मांजरं आणि लहान मुलं त्याकडे ओढली जातात.

पायरी १: खरंच कमी होतंय का?

गाडी रात्रभर उभी असताना, सपाट जागेवर, सकाळी सुरू करण्याआधी टाकीवर पातळीची खूण करा. मार्करची बारीक रेघ पुरे. गरम गाडीची पातळी नेहमी वर दिसते, कारण कूलंट फुगतं. संध्याकाळी एक बघितली आणि सकाळी दुसरी बघितली तर उगाच घाबरायला होतं. रोज एकाच वेळी बघा आणि वहीत तारीख, किलोमीटर आणि पातळी लिहा. ही वही पुढे मेकॅनिकला दाखवाल तेव्हा तुमचं म्हणणं गंभीरपणे घेतलं जाईल.

तुमच्या गाडीची व्यवस्था कुठली आहे तेही पाहून ठेवा. काही गाड्यांत दाबाचं झाकण रेडिएटरवर असतं आणि बाजूला एक साधी बाटली असते. गरम झालेलं जास्तीचं कूलंट बाटलीत जातं आणि गार झाल्यावर परत ओढलं जातं. काहींत टाकीच दाबाखाली असते आणि झाकण तिच्यावरच आट्यांचं असतं. पहिल्या प्रकारात बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असंही होऊ शकतं, कारण झाकणातला उलटा व्हॉल्व्ह बिघडला की गार होताना कूलंट परत येतच नाही. अशा वेळी सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो. दोष फक्त झाकणाचा, आणि झाकण बदलणं हे या सगळ्यातलं सर्वांत सोपं काम आहे. म्हणून मी पहिली शंका नेहमी झाकणावर घेतो. त्याचं रबर कडक झालंय का, चिरलंय का, स्प्रिंग सैल आहे का, ते बघा.

सीलबंद व्यवस्थेत पातळी महिनोनमहिने जवळपास जागची हलत नाही. दर आठवड्याला भर घालावी लागते, तेव्हा कूलंट कुठेतरी जातंय. आणि जायला वाटा तीनच आहेत: बाहेर, सिलिंडरमध्ये, किंवा ऑइलमध्ये. पुढची सगळी शोधाशोध या तिन्हींतली कुठली वाट, एवढंच ठरवण्यासाठी आहे.

पायरी २: बाहेरची गळती शोधा, आणि घाई करू नका

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. गळती म्हणजे डबकं, ही समजूत सोडा. सुकलेल्या कूलंटचा रंगीत किंवा पांढरट खरवड शोधा.

क्लॅम्पजवळचे होज पाइपचे सांधे बोटाने चाचपा. पाइप दाबून बघा. कडक आणि चिरा पडलेला किंवा लिबलिबीत झालेला, दोन्ही वाईट. रेडिएटरचा ॲल्युमिनियमचा गाभा आणि प्लास्टिकची टाकी जिथे एकमेकांना दाबून बसवलेल्या असतात, ती शिवण नीट बघा. जुन्या गाड्यांत तिथून पाझर सुरू होतो. थर्मोस्टॅटचं (कूलंटची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेचं) हाउसिंग हल्ली बरंचदा प्लास्टिकचं असतं, तेही तडकतं. वॉटर पंपाला मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. आतलं सील संपलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता त्या छिद्रातून बाहेर यावं, यासाठी. तिथे ओघळ दिसला तर पंपानेच दिलेली ती सूचना आहे.

मग गाडीच्या आत या. हीटरचा छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या पोटात असतो. तो गळायला लागला की पायाखालचं कार्पेट ओलं होतं, आत गोडसर वास येतो आणि पुढच्या काचेवर चिकट धुकं बसतं, पुसलं की फराटे उरतात. बाहेर काहीच दिसत नसलेल्या गळतीत हा हमखास विसरला जाणारा भाग आहे.

एसीचं पाणी मात्र गळती समजू नका. एसी चालवल्यावर पुढच्या सीटखालच्या भागातून थेंब पडतात, ते नितळ, बिनवासाचं आणि बिनरंगाचं पाणी असतं. पांढऱ्या कागदावर एक थेंब घ्या, लगेच कळतं. कूलंट बोटांत धरलं की बुळबुळीत लागतं.

डोळ्यांनी सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट करून घ्या. झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर छापला आहे तेवढाच दाब देतात आणि पंधरा-वीस मिनिटं काटा बघतात. काटा पडतोय आणि थेंब दिसतोय: जागा सापडली. काटा पडतोय आणि थेंब कुठेच नाही, कार्पेटही कोरडं: आता आतल्या वाटांकडे बघायला हवं. ही एक तपासणी केल्याशिवाय कोणी हेड उतरवायला सांगितलं, तर मी होकार देणार नाही.

पायरी ३: गाडी तापते कधी, ते लक्षात ठेवा

तापण्याची वेळ बरंच सांगून जाते. उभ्या रहदारीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर पंखा, त्याचा रिले (पंखा चालू-बंद करणारा स्विच) किंवा सेन्सर तपासा. वेगात वारा मिळतो, म्हणून तेव्हा त्रास होत नाही. उलट, संथ चालवताना ठीक आणि चढावर किंवा लांब वेगात तापते, तर रेडिएटर आतून चोंदला असेल, पंप पाणी ढकलत नसेल, किंवा गॅस्केटची सुरुवात असेल.

सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर आणि खालचा होज पाइप मात्र गारच, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी. थर्मोस्टॅट ही मेणाने चालणारी झडप, साधारण ८२ ते ९० अंशांच्या आसपास उघडते. तिच्यावर आकडा कोरलेला असतो. काढून एका टाकाऊ पातेल्यात, दोऱ्याला टांगून, पाण्यात तापवा आणि थर्मामीटर धरा. त्या आकड्याशी आधी कडेला केसभर फट पडते, मग चकती सावकाश वर सरकते. ती सरकलीच नाही तर तुमचा गुन्हेगार सापडला.

काट्यावर डोळे झाकून विश्वास नको. कूलंट फार कमी झालं की सेन्सर पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत राहतो आणि काटा खाली दाखवतो, आत इंजिन भाजत असलं तरी. हीटर पूर्ण गरमवर असताना अचानक गार वारा यायला लागला, तर काटा काहीही म्हणो, गाडी थांबवा. कूलंट हीटरपर्यंत पोचत नाहीये.

पायरी ४: गॅस्केटची खरी लक्षणं

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेला पातळ पत्रा, हल्लीच्या इंजिनांत बहुधा पोलादाच्या अनेक थरांचा. तो एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो: सिलिंडरमधला स्फोटाचा दाब, कूलंटच्या वाटा आणि ऑइलच्या वाटा. बऱ्याच इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. इंजिन एकदा जरी जबर तापलं तरी हेड वाकतं आणि गॅस्केटवरचा दाब एका जागी ढिला पडतो. म्हणून गॅस्केट बहुतेक वेळा आधीच्या तापण्याचा बळी असतो. मूळ कारण पंखा, झाकण किंवा गळकं होजच असतं.

गॅस्केट नेमका कुठे फाटला त्यावर लक्षणं ठरतात, त्यामुळे सगळी एकत्र दिसतीलच असं नाही.

सिलिंडर आणि कूलंटची वाट जोडली गेली, तर दोन्हीकडून देवाणघेवाण होते. इंजिन चालू असताना जळालेला वायू कूलंटमध्ये शिरतो. बंद असताना कूलंट सिलिंडरमध्ये पाझरतं. म्हणून सकाळी सुरू करताना इंजिन काही सेकंद लंगडतं, एक सिलिंडर नीट पेटत नाही, आणि मागून पांढरा धूर येतो. गार सकाळी सायलेन्सरमधून वाफ आणि थेंब येणं साहजिक आहे, ते काही मिनिटांत थांबतं. गॅस्केटचा पांढरा धूर दाट असतो, गाडी गरम झाल्यावरही हटत नाही आणि गोडसर वास मारतो. डिझेल इंजिनात इंजेक्टर बिघडला तरी पांढरा धूर येतो, पण त्याला न जळलेल्या डिझेलचा डोळे चुरचुरवणारा वास असतो. डिझेलमध्येच ईजीआर कूलर नावाचा (इंजिनात परत पाठवायचा धूर गार करणारा) भाग आतून फुटला तरी कूलंट गुपचूप जळून जातं आणि हेडचं नाव खराब होतं.

ऑइलकडची वाट उघडली, तर डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) दुधी चहासारखं ऑइल दिसतं आणि पातळी वाढलेली असते. इथे एक गैरसमज दूर करतो. फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडी पिवळट साय दिसली आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर घाबरू नका. रोज चार-पाच मिनिटंच चालणाऱ्या गाडीत दमट हवेचं पाणी जमून तशी साय धरते. गाडी तासभर नीट गरम करून चालवा, झाकण पुसा, पुन्हा बघा. डिपस्टिकवरच दूध असेल तर मात्र इंजिन सुरूच करू नका. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंगं टिकत नाहीत. आणि हो, ऑइल कूलर फुटला तरी ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात, तोही आधी तपासायला सांगा.

पायरी ५: गार इंजिनावरची होजची तपासणी

मला सर्वांत भरवशाची वाटणारी घरगुती तपासणी ही. एका मित्राच्या गाडीवर आम्ही केली, ते जसंच्या तसं सांगतो.

गाडी रात्रभर उभी होती. सकाळी झाकण हळूच फिरवलं तर "फस्स" आवाज आला. हीच पहिली खूण. रात्रभर गार झालेल्या व्यवस्थेत दाब उरायला नको. झाकण परत घट्ट लावलं, मी वरचा होज पाइप मुठीत धरला आणि मित्राला इंजिन सुरू करायला सांगितलं. पाइप सुरुवातीला मऊ, दोन बोटांत सहज दबणारा. मिनिटभरात तो मुठीत भरायला लागला. दीड मिनिटाला दगडासारखा कडक, आणि हाताला अजून थंडगार. तापल्याशिवाय कूलंट फुगत नाही, मग हा दाब आला कुठून? सिलिंडरमधूनच. निरोगी इंजिनात पाइप आधी कोमट होतो आणि मग सावकाश ताठ होतो.

दुसरा भाग: इंजिन गार असतानाच झाकण उघडं ठेवून सुरू करा आणि फिलरमध्ये, म्हणजे कूलंट भरायच्या तोंडात, बघा. सुरुवातीचे काही बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात, विशेषतः नुकतंच कूलंट भरलं असेल तर. ते थांबतात. शॅम्पेन ओतल्यासारखी बारीक बुडबुड्यांची सततची रांग, ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढणारी, ती वायूची. पातळी उसळायला लागली किंवा पाइप कोमट झाला की लगेच बंद करा.

पायरी ६: शंका पक्की करणाऱ्या चाचण्या

रसायनाची चाचणी स्वस्तात आणि नेमकी होते. निळा द्रव भरलेली काचनळी फिलरवर धरतात आणि कूलंटवरची हवा त्यातून ओढतात. हवेत जळणातून आलेला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पेट्रोल इंजिनात पिवळा, डिझेलमध्ये हिरवट-पिवळा होतो. आधी पातळी थोडी खाली घ्या. कूलंट नळीत ओढलं गेलं की द्रव बिघडतो. रंग बदलला तर निकाल पक्का. बदलला नाही तर झाकण गार असतानाच काढून, मग इंजिन चांगलं गरम होऊ देऊन पुन्हा करा, कारण काही फटी तापल्यावरच उघडतात.

कॉम्प्रेशन टेस्टमध्ये (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजण्यात) सिलिंडरांची आपसांत तुलना बघा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकसारखे कमी आले तर त्यांच्यामधला गॅस्केट फाटलेला असण्याची दाट शक्यता. लीकडाउन टेस्ट याहून चांगली: पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा भरतात, आणि टाकीत बुडबुडे आले की कुठल्या सिलिंडरचा दोष तेही कळतं. स्पार्क प्लग काढलेच आहेत तर बाजूबाजूला मांडा. बाकीचे तपकिरी आणि एकच वाफेने धुतल्यासारखा लख्ख, तर तो सिलिंडर पाणी खातोय.

सिलिंडरमध्ये भरपूर कूलंट साचल्याची शंका असेल तर प्लग काढल्याशिवाय स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो.

गाडी रस्त्यात तापली तर

एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि पंखा जोरात, म्हणजे थोडी उष्णता आत खेचली जाते. पहिली सुरक्षित जागा दिसताच थांबा, इंजिन बंद करा. "अजून पाच किलोमीटर तर आहे" म्हणून रेटलेल्या गाड्यांचीच हेडं सर्वांत जास्त वाकतात. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, धातू तडकतो. गार झाल्यावर नुसतं स्वच्छ पाणी घालून गॅरेजपर्यंत जाणं चालतं, पण नंतर व्यवस्था धुऊन योग्य प्रमाणात कूलंट भरून घ्या. रंग बघून कूलंट निवडू नका. हिरवा, गुलाबी, निळा हे कंपन्यांनी आपापल्या सोयीने दिलेले रंग आहेत. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकारच घ्या. वेगळ्या जातीची कूलंट मिसळली तर गाळ धरू शकतो.

गळती बुजवणाऱ्या बाटल्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ठेवायच्या गाडीत ओतू नका. जो पदार्थ फट बुजवतो तोच हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतो.

गॅस्केट खरंच गेलं असेल तर

काम देताना नुसतं "गॅस्केट बदला" म्हणू नका. हेड उतरल्यावर त्याच्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाक मोजायला सांगा आणि तुमच्यासमोर मोजा म्हणा. बऱ्याच इंजिनांत ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या पुढचा वाक चालत नाही, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. वाक असेल तर हेड प्लेन (मशीनवर सपाट) करून घ्यावं लागतं, आणि त्याआधी तडा तपासणं गरजेचं. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही मोजायला हवा. अनेक इंजिनांत हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, कारण ते घट्ट करताना मुद्दाम ताणले जातात. नवे टाका, आणि टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), दिलेल्या क्रमाने, साधारण मधून कडेकडे. सोबत ऑइल, फिल्टर आणि कूलंट बदला. आणि इंजिन मुळात कशामुळे तापलं होतं ते सापडल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

कूलंट भरल्यावर हवा काढणं राहतं. हीटर गरमवर, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा) असेल तर सैल, गाडीचं नाक थोडं उंच, आणि पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालू. गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा, ती थोडी उतरेल, भर घाला. पुढचे सात दिवस रोज सकाळी ती जुनी वही काढा आणि खुणेशी पातळी ताडून बघा.